‘सोकोर्रो!’ म्हणजे ‘धावा!’

समजा कॅम्पसमध्ये तुमचं सिलेक्शन झालं. ट्रेनिंग संपलं आणि एक दिवस मॅनेजरने सांगितलं, सहा महिन्यांसाठी मेक्सिकोला जायचंय. गल्लीत पेढे वाटून झाले, आईने चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत कोंबली आणि तुम्ही पोचलात. आठव्या दिवशी रात्री दीड वाजता रूममेट पोट धरून गडाबडा लोळतोय. तुम्ही शेजारचं दार ठोठावता. दार उघडतं. समोरच्या आजीबाईंना इंग्लिशचं एक अक्षर येत नाही. आता काय बोलाल?

हे उदाहरण अगदीच हवेतलं नाही. टीसीएसने २००२ मध्ये उरुग्वेत आणि इन्फोसिसने २००७ मध्ये मेक्सिकोतल्या मोन्तेर्रेय शहरात काम सुरू केलं. या दोन्ही देशांची भाषा स्पॅनिश. स्पेन धरून जगातल्या सुमारे वीस देशांचा कारभार स्पॅनिशमध्ये चालतो. आणि हो, मराठी माणूस तिकडे पोचायला आयटी कंपन्यांची वाट बघत बसला नव्हता बरं का! वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले आणि त्यांनी मक्याच्या वाणांवर संशोधन केलं. दिएगो रिवेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिलं. तिथल्या शेतकऱ्यांशी ते अर्थातच इंग्लिशमध्ये बोलत नव्हते.

मी सुट्टीत स्पॅनिशचा बेसिक कोर्स केला. नेहमीप्रमाणे पहिल्या धड्यात ‘हॅलो’, दुसऱ्यात ‘माझे नाव अमुक’, तिसऱ्यात हॉटेलात कॉफी मागवणे. ‘वाचवा’ कसं म्हणायचं ते पुस्तकात पार शेवटी होतं! माझ्या मते ते पहिल्या पानावर पाहिजे. कॉफी खुणेने मागता येते. छातीत दुखतंय आणि पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, हे खुणेने सांगून बघा.

म्हणून हा लेख. यात स्पॅनिशची दहा-बारा वाक्यं आहेत, ती पाठ करायला पाच मिनिटं पुरतील. पण त्याहून महत्त्वाची आहे ती मदत मागायची पद्धत. ती कुठल्याही भाषेत लागते, आपल्या हॉस्टेलवरसुद्धा.

आपल्याला ही भाषा जड नाही

स्पॅनिशचं लिहिणं मराठीसारखंच आहे, लिहिलंय तसं वाचायचं. स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ. त आणि द आपल्यासारखे दाताला जीभ लावून म्हणायचे. इंग्लिश बोलणाऱ्यांना हे जमत नाही, आपल्याला आपसूक येतं. दोन-तीनच गोष्टी लक्षात ठेवायच्या. रोमन लिपीतला ‘एच’ लिहितात पण म्हणत नाहीत, त्यामुळे ‘हॉस्पिटल’चं होतं ‘ओस्पिताल’. ‘जे’ अक्षराचा उच्चार घसा खाकरल्यासारखा ‘ह’. ‘ए’ आणि ‘इ’च्या आधी आलेल्या ‘जी’चंही तेच, म्हणून ‘इमर्जन्सी’ची ‘एमेर्हेन्सिया’ होते. दोन ‘एल’ जोडून आले की बहुतेक ठिकाणी ‘य’.

गंमत म्हणजे वाक्यांची ठेवणसुद्धा कुठे कुठे आपल्या जवळची आहे. इंग्लिशमध्ये ‘मला छातीत वेदना आहे’ अशा धर्तीचंही वाक्य करतात. आपण म्हणतो, ‘माझी छाती दुखते’. म्हणजे दुखणारी छाती, मी नव्हे! स्पॅनिशमध्येही तसंच, ‘मे दुएले एल पेचो’. ‘मे दुएले’ म्हणजे ‘मला दुखतंय’ आणि ‘पेचो’ म्हणजे छाती. आदरार्थी बोलणंही आहे. मित्राला ‘तू’, अनोळखी किंवा मोठ्या माणसाला ‘उस्तेद’, म्हणजे आपलं ‘तुम्ही’. खाली दिलेली वाक्यं ‘तुम्ही’चीच आहेत, कारण अडचणीच्या वेळी समोर येणारा माणूस बहुतेक वेळा अनोळखीच असतो.

नुसतं ओरडायचं असेल तर

मराठीत ‘मला मदत करा’ वेगळं आणि ‘वाचवा! धावा!’ वेगळं. पहिलं ऐकून माणूस वळून बघतो, दुसरं ऐकून चप्पल न घालता पळत येतो. स्पॅनिशमध्येही हा फरक आहे.

‘आयूदा’ म्हणजे मदत. जड बॅग उचलायलाही ‘आयूदा’ आणि जोरात ओरडलं तर संकटातही ‘आयूदा’.

‘सोकोर्रो!’ आणि ‘आऊक्सीलिओ!’ हे मात्र खास जीव धोक्यात असतानाचे शब्द. स्पेनमध्ये पहिला जास्त ऐकू येतो, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दुसरा. पण समजतात दोन्ही सगळीकडे. ‘सोकोर्रो’चं मूळ ज्या लॅटिन क्रियापदात आहे त्याचा अर्थ ‘मदतीला धावून जाणे’. म्हणजे आपलं ‘धावा!’ आणि त्यांचं ‘सोकोर्रो!’ एकाच कल्पनेतून आलेत. इतक्या लांबच्या दोन भाषांना संकटात एकच सुचलं, की कुणीतरी पळत यायला पाहिजे!

आग लागली असेल तर ‘फुएगो!’ आणि समोरच्याला सावध करायचं असेल तर ‘कुइदादो!’, म्हणजे ‘सांभाळ!’.

पाठ करायची वाक्यं

नेसेसीतो आयूदा – मला मदत हवी आहे.
एस उना एमेर्हेन्सिया – ही इमर्जन्सी आहे.
यामे आ उना आम्बुलान्सिया, पोर फाबोर – कृपया ॲम्ब्युलन्स बोलवा.
एस्तोय एन... – मी अमुक ठिकाणी आहे.
आय एरीदोस – जखमी माणसं आहेत.
नो रेस्पीरा – श्वास चालत नाहीये.
एस्ता इन्कोन्सिएन्ते – तो किंवा ती बेशुद्ध आहे.
मे दुएले आकी – मला इथे दुखतंय. (म्हणताना बोट ठेवून दाखवायचं.)
सोय आलेर्हिको आ ला पेनिसिलीना – मला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.
मे आन रोबादो – माझी चोरी झाली.
नो आब्लो एस्पान्योल – मला स्पॅनिश बोलता येत नाही.
आब्ला इंग्लेस? – तुम्हाला इंग्लिश येतं का?

मुलींनी ‘आलेर्हिको’च्या ऐवजी ‘आलेर्हिका’ म्हणायचं. ‘मी हरवलोय’ला ‘एस्तोय पेर्दीदो’, ‘मी हरवलेय’ला ‘एस्तोय पेर्दीदा’. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली बिनधास्त ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, तसं तिकडे केलं तर व्याकरण चुकेल. पण म्हणून कुणी ॲम्ब्युलन्स परत पाठवणार नाही. काळजी नसावी!

नंबरही वहीत लिहून ठेवा. स्पेनमध्ये, किंबहुना सगळ्या युरोपियन युनियनमध्ये, एकच नंबर, ११२. मेक्सिकोत २०१७ पासून ९११. कोलंबियात १२३. चिलीमध्ये तीन वेगळे आहेत, ॲम्ब्युलन्स १३१, आग १३२, पोलीस १३३. पासपोर्ट चोरीला गेला तर आधी पोलिसांकडे तक्रार नोंदवायची. या तक्रारीला स्पेनमध्ये ‘देनून्सिया’ म्हणतात. तिची प्रत घेऊन मग आपल्या दूतावासात जायचं.

झालं. भाषेचा भाग इतकाच. पण शब्द येत असूनही मदत मिळत नाही, असं घडलेलं आहे. पुढच्या दोन गोष्टी त्याच्याच आहेत आणि दोन्हीकडे माणसं स्पॅनिश बोलणारीच होती.

‘प्रायॉरिटी’ मागितली, ‘इमर्जन्सी’ नाही

२५ जानेवारी १९९०. कोलंबियाच्या आविआन्का कंपनीचं फ्लाइट ५२ बोगोटाहून मेडेयिनमार्गे न्यूयॉर्कला निघालं होतं. बोइंग ७०७ विमान, आत १५८ माणसं. न्यूयॉर्कला हवामान खराब, विमानांची गर्दी. कंट्रोलने या विमानाला वाटेत तीन ठिकाणी घिरट्या घालत ठेवलं, एकूण १ तास १७ मिनिटं. इंधन संपत आलं.

कॅप्टन कोपायलटशी स्पॅनिशमध्ये बोलत होता, कोपायलट कंट्रोलशी इंग्लिशमध्ये. कोपायलटने ‘प्रायॉरिटी’ मागितली. स्पॅनिशमध्ये त्याला शब्द आहे ‘प्रिओरिदाद’ आणि त्यात ‘आमचं आधी करा, आमचं फार निकडीचं आहे’ असा भाव असल्याचं नंतर अनेक जाणकारांनी सांगितलं. पण अमेरिकन कंट्रोलरच्या नियमात ‘प्रायॉरिटी’ हा धोक्याचा शब्दच नव्हता. धोक्याचे शब्द म्हणजे ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’. हे शब्द कानावर पडले की कंट्रोलर बाकी सगळं बाजूला ठेवतो.

धावपट्टीवर उतरायचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने स्पॅनिशमध्ये सांगितलं, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. कोपायलट कंट्रोलला म्हणाला, पुन्हा प्रयत्न करतो, आमचं इंधन संपत आलंय. कॅप्टनने विचारलं, सांगितलंस का? कोपायलटचं उत्तर, हो सर, सांगितलं.

त्याच्या मते त्याने सांगितलं होतं! पण त्या वेळी हवेत असलेल्या कितीतरी विमानांचं इंधन कमी होत होतं. कंट्रोलरने विचारलं, तुम्हाला अजून साधारण पंधरा मैल पुढे नेऊन वळवतो, तुमच्या इंधनाला चालेल ना? कोपायलटने उत्तर दिलं, चालेल असं वाटतं, थँक यू व्हेरी मच.

थोड्याच वेळात चारही इंजिनं बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात टेकडीवर आदळलं. ७३ माणसं गेली. आग लागली नाही, कारण पेट घ्यायला टाकीत इंधनच उरलं नव्हतं. चौकशीत जी कारणं लिहिली गेली त्यात हे ठळकपणे आलं, की इंधनाची इमर्जन्सी आहे हे वैमानिकांनी कंट्रोलला कळवलंच नाही. त्याचबरोबर इंधन कमी असल्याचं सांगायला सगळ्यांना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते, हेही लिहिलं गेलं.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे आम्हाला सगळं मागायला शिकवलं ते ‘मे आय’, ‘प्लीज’, ‘एक्स्क्यूज मी मिस’ लावून. चांगलीच सवय आहे ती. पण ‘थँक यू व्हेरी मच’ ऐकणाऱ्याला वाटतं, चला, सगळं ठीक दिसतंय. सभ्यपणा आवाजातली घाई पुसून टाकतो. म्हणून ‘पोर फाबोर’ वाक्याच्या शेवटी ठेवा आणि ‘एमेर्हेन्सिया’ सुरुवातीला.

‘मेडे’ हा शब्दही असाच ठरवून केलेला आहे. १९२३ च्या सुमारास लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी तो सुचवला. तिथून बरीच विमानं पॅरिसला ये-जा करायची, म्हणून ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून त्यांनी तो घेतला. आजही तो सलग तीन वेळा म्हणतात, म्हणजे खरखरीतही दुसरं काही असल्याचा गैरसमज व्हायला नको. आपण प्रोटोकॉल शिकतो ना, त्यातला हा सगळ्यात साधा प्रोटोकॉल. पाठवणारा आणि घेणारा, दोघांनी आधीच ठरवून ठेवलेला एक सिग्नल.

‘काहीतरी बाधलंय’

दुसरी गोष्ट १९८० च्या जानेवारीतली, अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. विली रामिरेझ नावाचा १८ वर्षांचा मुलगा, आपल्याहून लहानच. डोकं भयंकर दुखतंय म्हणाला आणि थोड्या वेळात बेशुद्ध पडला. घरची माणसं क्यूबाहून आलेली, स्पॅनिश बोलणारी. त्यांना वाटलं, बाहेरचं खाल्लेलं त्याला बाधलं. त्यांनी हॉस्पिटलमध्ये शब्द वापरला ‘इन्तोक्सिकादो’.

क्यूबाकडच्या बोलीत याचा अर्थ जवळजवळ आपल्या ‘बाधलंय’सारखा. काहीतरी पोटात गेलं आणि त्याने त्रास झाला. पण ऐकणाऱ्यांना त्यात इंग्लिश ‘इंटॉक्सिकेटेड’ ऐकू आला, म्हणजे नशेत असलेला. तरुण मुलगा, बेशुद्ध, ‘इंटॉक्सिकेटेड’. निष्कर्ष काढला गेला की ड्रग्जचा ओव्हरडोस! दुभाषा कुणी बोलावला नाही, कारण दोन्ही बाजूंना वाटत होतं की आपल्याला कळलंय. खरं तर त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत जवळजवळ दोन दिवस गेले. विली वाचला, पण हातपाय कायमचे गेले. पुढे नुकसानभरपाईची तडजोड झाली ती त्याच्या आयुष्यभराचा हिशोब धरून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरची. एका शब्दापायी.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्पॅनिशमध्ये असे शब्द भरपूर आहेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे ‘एम्बॅरस्ड’ नव्हे, तर गरोदर! स्पेनमध्ये ‘एस्तोय कोन्स्तिपादो’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळेल की तुम्हाला सर्दी झालीय आणि पोटासाठी आणायला गेलेलं औषध नाकाचं मिळेल. दुसरी आणि मोठी गोष्ट, रोगाचं नाव सांगू नका, दिसतंय ते सांगा. ‘डोकं दुखत होतं, मग बेशुद्ध पडला, अर्ध्या तासापूर्वी’ एवढंच. घरच्यांनी निदान सांगितलं आणि निदान चुकलं. निदान करणं आपलं काम नाहीच. डॉक्टरला आपले डोळे हवे असतात.

आणि हसू नका, मराठीतही हेच आहे. ‘बाधलं’ म्हणजे नेमकं काय? दही बाधतं, ऊन बाधतं, आणि गावाकडे तर ‘बाहेरचं’सुद्धा बाधतं! ‘त्याला झटका आला’, कसला झटका? हार्टचा, फिटचा, लकव्याचा की विजेचा? चौघांवर करायच्या गोष्टी पूर्ण वेगळ्या. विजेचा असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि तोपर्यंत त्या माणसाला हातही लावायचा नाही. मराठी माणसाने मराठी माणसाला मराठीत सांगूनसुद्धा इतका गोंधळ होऊ शकतो.

आपल्याकडची माणसं हे कधीच शिकलीत

परक्या मुलखात, परक्या भाषेत मदत मागायची वेळ येणं हे आपल्या सातारा-सांगलीला नवीन नाही. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव आणि तिकडे खटाव-माण भागातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या गलाई व्यवसायात आहेत, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. त्यासाठी ती तमिळनाडू, केरळ, आंध्र, बंगाल अशी देशभर पसरलीत. गावात दुष्काळ, म्हणून पोरगं कोवळ्या वयात काकाच्या किंवा मामाच्या दुकानावर जायचं. कोर्स नाही, पुस्तक नाही, तरी तिथली भाषा तोंडात बसायची. न बसून सांगतेय कुणाला? ॲसिड आणि भट्टीजवळ बसून काम करायचं आणि ‘वाचवा’ला तमिळमध्ये काय म्हणतात हे माहीत नाही, असं चालत नाही. ‘काप्पात्तुंग’ म्हणतात. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘कापाडि’. बघा, दोन्ही किती जवळचे आहेत.

उलट बाजूचं उदाहरण मिरजेचं. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं आणि पुढे मिरज ही दवाखान्यांची पेठच झाली. अथणी, रायबाग, जमखंडीकडून कन्नड बोलणारे पेशंट इथे येतात. म्हणून मिरजेतल्या कितीतरी नर्स, वॉर्डबॉय, मेडिकल दुकानदार आणि रिक्षावाल्यांना कामापुरती कन्नड येते. पेशंटने मराठी शिकून यावं असं कुणी म्हणत नाही. जो दुखण्यात आहे त्याच्या भाषेकडे, जो बरा आहे त्याने दोन पावलं चालत जायचं, हा मिरजेचा साधा हिशोब आहे. फ्लोरिडाच्या त्या हॉस्पिटलात नेमकं हेच राहून गेलं.

कुठे, काय, किती

आता पद्धत. स्पॅनिश असो, कन्नड असो की मराठी, तातडीची मदत मागताना क्रम हा ठेवा.

आधी ठरलेला शब्द. ‘इमर्जन्सी आहे.’ प्रस्तावना नको.

मग कुठे. फोन मध्येच कट झाला तरी एवढं पोचलेलं असेल तर कुणीतरी निघू शकतं. आणि ‘कुठे’ म्हणजे खरंच कुठे. ‘हायवेला ॲक्सिडेंट झालाय’ याला अर्थ नाही. खंबाटकीचा घाट की बोगदा? तोंड पुण्याकडे की साताऱ्याकडे? दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीची बाजू म्हणजे ॲम्ब्युलन्सला पुढे जाऊन वळून यायला लावणं. २००५, २०१९, २०२१ चा महापूर पाहिलेल्या सांगलीकराला तर हे सांगायलाच नको. ‘पाणी आलंय, लवकर या’ म्हटलं तर बोट कुठे न्यायची? गल्ली कुठली, बिल्डिंग कुठली, कितव्या मजल्यावर आहात?

मग काय झालं, दिसतंय तेवढंच. बेशुद्ध आहे, श्वास चालू आहे, डोक्यातून रक्त येतंय.

मग किती माणसं आणि त्यात लहान, म्हातारं किंवा आजारी कोण.

शेवटी आपला नंबर. आणि समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. त्याला अजून प्रश्न असतात.

आपल्याकडे नंबर ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८. यातले पहिले तीन मुद्दे स्पॅनिशमध्ये वर दिलेल्या वाक्यांत बसतात. ‘एमेर्हेन्सिया. एस्तोय एन...’ आणि पुढे पत्ता. व्याकरण गेलं तरी चालेल, क्रम जाऊ देऊ नका.

आता आपल्या हॉस्टेलचं बोलू

आपल्या हॉस्टेलवर फक्त कराड-वाई-इस्लामपूरची मुलं नाहीत. बिहारचे आहेत, काश्मीरचे आहेत, ईशान्येकडचे आहेत. त्यांच्यासाठी आपलं गाव म्हणजे आपल्यासाठी मेक्सिको! वॉचमनमामा आणि मेसच्या मावशी मायेने वागतात यात शंका नाही, पण रात्री दोन वाजता आसामचा फर्स्ट इयरचा मुलगा मामांना काय सांगणार? आणि तो रेक्टर सरांकडे गेलाच तर दारात उभं राहून हळू आवाजात म्हणेल, ‘सर, थोडी तबियत ठीक नहीं है.’ आपलाही मुलगा असाच म्हणतो, ‘सर, जरा बरं वाटत नाहीये.’ त्या ‘थोडी’मध्ये आणि ‘जरा’मध्ये सर्दीपासून फुटायला आलेल्या अपेंडिक्सपर्यंत काहीही असू शकतं. हे आपल्याकडचं ‘प्रायॉरिटी’!

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत, तिन्ही बिनखर्चाच्या.

एक, वॉचमन केबिनजवळ आणि प्रत्येक मजल्यावर एक कागद चिकटवायचा. त्यावर हॉस्टेलचा पूर्ण पत्ता, जवळची खूण, रात्री कुठलं गेट उघडं असतं ते, आणि ११२, १०८, रेक्टर सरांचा नंबर. मराठी, हिंदी आणि इंग्लिश तिन्हीत. बाहेरगावच्या मुलाला फोनवर ‘पत्ता सांगा’ म्हटलं तर त्याने समोर बघून वाचायचं. देवनागरी वाचता न येणाराही इंग्लिशमधून वाचू शकेल.

दोन, एक शब्द ठरवून टाकायचा. कुणीही, कितीही वाजता, ‘इमर्जन्सी’ म्हणाला की आधी उठायचं, प्रश्न नंतर. आणि थट्टेत हा शब्द कुणी वापरायचा नाही. सबमिशनची फाइल राहिली म्हणून ‘इमर्जन्सी’ ओरडत मजला उठवणाऱ्यांना हे विशेष सांगणं!

तीन, ही स्टाफसाठी विनंती. कुणी ‘जरा बरं नाही’ म्हणालं तर तीन प्रश्न विचारायचे. कुठे दुखतंय, बोट ठेवून दाखव. कधीपासून? आणि वाढतंय की कमी होतंय? आविआन्काच्या कंट्रोलरने एक नेमका प्रश्न विचारला असता, ‘तुम्ही इमर्जन्सी जाहीर करताय का?’, तर कदाचित त्या कोपायलटच्या तोंडून तो शब्द निघाला असता. मदत मागणाऱ्याकडून घाईत चूक होणारच. ऐकणाऱ्याकडे मात्र एक प्रश्न जास्त विचारण्याइतका वेळ असतो.

आणि तुमच्या रूममध्ये दुसऱ्या राज्यातलं कुणी असेल तर आज रात्री मेसवरून आल्यावर त्याला विचारा, तुमच्या भाषेत ‘वाचवा’ला काय म्हणतात? तो सांगेल ते दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग आपलं ‘वाचवा’, ‘धावा’ आणि ‘ॲम्ब्युलन्स बोलवा’ त्याच्याकडून चार वेळा मोठ्याने म्हणून घ्या. शेजारच्या रूममधले आधी हसतील, मग तेही येतील. हसत हसतच पाठ होऊ द्या. आणि हा कागद लावायचं काम पुढच्या सेमिस्टरवर ढकलू नका.